चिलर आला तरी पाणी तापलेलंच: पुण्यातल्या एका रीफ टाकीचं प्रकरण

रीफ टाकी म्हणजे खाऱ्या पाण्यात समुद्री मासे आणि पोवळी (कोरल) ठेवायची काचेची टाकी. ही टाकी चार फुटी, म्हणजे १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर. खाली कॅबिनेटमध्ये संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी. दगड-वाळूची जागा वजा केली तर दोन्हींत मिळून पाणी २६० लिटरच्या आसपास. घर पुण्यात, इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर. हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आणि टाकी तिच्यापासून सहा फुटांवर.

एप्रिल लागला तसं पाणी पहाटे २६.८ आणि रात्री ३०.१ अंश दाखवायला लागलं. संध्याकाळी झोआ (फुलांसारखी दिसणारी छोटी मऊ पोवळी) मिटून बसायचे, लेदर कोरल मान टाकायचं, क्लाउनफिश माशांची जोडी संपातून परत येणाऱ्या (रिटर्नच्या) धारेखाली येऊन भराभर कल्ले हलवायची. मग पाव हॉर्सपॉवरचा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, आला. तो संपाशेजारी कॅबिनेटमध्ये बसवला आणि २५.५ वर लावला. आठवड्यानंतरची नोंद: पहाटे २६.४, रात्री २८.९. याच्या दुप्पट टाकीला पुरेल असं यंत्र, आणि त्यानं रात्रीचा पारा जेमतेम सव्वा अंश उतरवला. वीज मात्र चोख खाल्ली.

हे एका घराचं वृत्त नाही. आपल्याकडच्या टाक्यांत पुन्हा पुन्हा दिसणारे दोष इथं एका टाकीत ठेवले आहेत, आणि वॅटांचे-अंशांचे आकडे त्या मापाच्या टाकीचा हिशोब करून काढले आहेत. टाकीत झोआ, मशरूम आणि लेदर अशी मऊ पोवळी आहेत, दगडी पोवळी नाहीत. भारतात सगळी दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परदेशी व्हिडिओंत दिसणाऱ्या रंगीत फांद्या इथं दुकानात कुणी 'मिळवून देतो' म्हणालं, तर तिथून निघावं.

२९ अंशांनी एवढं काय बिघडतं?

लक्षद्वीपच्या समुद्रात मे महिन्यात पाणी २९ च्या पुढे असतं आणि तिथली पोवळी एरवी मजेत जगतात. मग टाकीत २९ झाले तर ओरड कशाला? समुद्रात तो आकडा महिन्याभरात चढतो आणि दिवस-रात्रीत फारसा हलत नाही. टाकीत तो बारा तासांत चढतो, बारा तासांत उतरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय समुद्रातल्या पोवळ्यांनाही फारशी ढील नसते. अमेरिकेच्या 'नोआ' संस्थेच्या मोजणीत त्या जागेच्या सर्वात उष्ण महिन्याच्या सरासरीवर एक अंश गेला की ताण सुरू झाला असं धरतात. तो साचत चार अंश-आठवडे (एक अंश जादा चार आठवडे, किंवा दोन अंश दोन आठवडे) झाला की ब्लीचिंगची, म्हणजे पोवळी पांढरी पडण्याची, अपेक्षा ठेवतात.

आतून घडतं ते असं. कोरलच्या पेशींत राहणारं शैवाल उष्णतेत प्रकाश नीट पचवू शकत नाही. त्यातून ऑक्सिजनची विषारी रूपं तयार होतात आणि कोरल त्या शैवालाला बाहेर काढतं. म्हणजे मारा उष्णता आणि प्रकाश दोघांचा मिळून असतो. म्हणूनच पारा २९ ला टेकला त्या दिवशी पहिलं काम दिवे निम्म्यावर आणणं. ते फुकट आहे आणि लगेच करता येतं.

माशांचं दुखणं वेगळं, प्राणवायूचं. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२. फरक लहान दिसतो, पण त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते.

या टाकीसाठी उद्दिष्ट ठरलं ते असं: २५.३ ते २६.४, आणि दिवसभराचा फरक एक अंशाच्या आसपास. नेमके २६.० धरून ठेवायचा हट्ट कुणी करू नये. त्यात फक्त रिले (वीज आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) झिजतो.

आधी थर्मामीटर

या टाकीवर तीन आकडे होते. पुढच्या काचेवर चिकटवलेली रंग बदलणारी पट्टी २८ दाखवत होती, चिलरचा डिस्प्ले २५.४, आणि संपातला काचेचा थर्मामीटर २६.६. तिन्ही एकाच वेळी.

पट्टी काढून टाकली. ती अर्धी पाण्याचं आणि अर्धी खोलीचं तापमान दाखवते. उरलेल्या दोघांत खरं कोण, ते घरच्या घरी ठरतं. स्टीलच्या भांड्यात बर्फाचा चुरा, त्यात बुडेल इतकंच गार पाणी, दहा मिनिटं ढवळायचं. प्रोब (तापमान मोजणारं टोक) मधोमध धरला की शून्य यायला हवा. दुसरी तपासणी ३७ अंशांना: कोमट पाण्यात तापाचा डिजिटल थर्मामीटर आणि टाकीचा प्रोब टोकाला टोक लावून धरायचे. तापाचा थर्मामीटर त्या पट्ट्यात ०.१ अंशापर्यंत भरवशाचा असतो, आणि घराघरांत असतो. दोन्ही ठिकाणी चूक सारखी निघाली, तर तेवढी कंट्रोलरमध्ये भरून टाकायची. इथं काचेचा थर्मामीटर ०.२ ने जास्त दाखवत होता, म्हणजे खरं पाणी २६.४. चिलरचा प्रोब बर्फात बरोबर निघाला, तरी टाकीशी त्याचा एक अंश फरक होता. तो का, ते पुढे येईल.

मग चार दिवस दर दोन तासांनी नोंद. दुपारी तीनला ऊन कडक असतं, म्हणून शिखर तेव्हाच असेल असं सगळे धरून चालतात. नोंदीत शिखर निघालं रात्री पावणेनऊला. शेवटच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते खोलीत ओततो. त्यात दिवे दुपारी १२ ते रात्री १० पूर्ण जोरात. स्लॅब आणि दिवे एकाच वेळी.

वॅटांचा जमाखर्च

इथून पुढचं सगळं एका आकड्यावर चालतं. एक लिटर समुद्री पाणी एक अंश तापवायला सुमारे १.१४ वॅट-तास लागतात. २६० लिटरला २९५, म्हणजे ढोबळ ३०० वॅट-तास. टाकीत शंभर वॅट जादा शिरत असतील तर तीन तासांत एक अंश.

आता शिरतं कुठून ते पाहू. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उरते. रिटर्न पंप ८५ वॅटचा, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) २५, दोन वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारे पंप) मिळून २४. झाले १३४ वॅट, चोवीस तास. एलईडी दिवा १६५ वॅटचा. त्याची निम्म्याच्या आसपास उष्णता वरच्या वर हवेत जाते, पाण्याच्या वाट्याला सत्तर वॅट धरावेत. बाजूच्या काचांचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर, तिथून खोली आणि पाणी यांच्यातल्या दर अंशाच्या फरकामागे १२ वॅट आत येतात. खोली ३४, पाणी २६ असेल तर ९६ वॅट.

बेरीज ३०० वॅट. म्हणजे काहीच काढून घेतलं नाही तर संध्याकाळी तासाला एक अंश. पाणी तापत जातं तसा काचेतून येणारा ओघ तेवढा आटतो.

वर काचेची घट्ट झाकणं होती, मासे उडी मारू नयेत म्हणून. त्यांनी पाण्याची सुटकेची एकुलती एक वाट बंद केली होती. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की जाताना ६७८ वॅट-तास घेऊन जातं, म्हणजे या टाकीचे सव्वादोन अंश. झाकणाखाली दिवसाला अर्धा लिटरही उडत नव्हतं.

रात्री अकराला संपात हात घातल्यावर

हा दोष कागदावर सापडला नसता. रात्री अकराला कॅबिनेटचं दार उघडलं तर चिलरचा कंप्रेसर घुमत होता, आणि त्याच संपाच्या दुसऱ्या टोकाला २०० वॅटच्या हीटरचा लाल दिवा जळत होता. एका हाताला गार धार, दुसऱ्या हाताला कोमट.

हीटरचं चाक २६ वर होतं. पण या काचेच्या नळीतल्या हीटरांच्या चाकाला दीड-एक अंशाची चूक असणं नेहमीचंच, आणि हा खऱ्या २६.८ ला बंद होत होता. चिलर २६.५ ला सुरू व्हायचा. दोघांच्या हद्दी एकमेकांत घुसल्या होत्या. रात्री अकरापासून दुपारी एकपर्यंत, पाणी २६.८ च्या खाली असेपर्यंत, हीटर अखंड चालू. चौदा तासांचे २.८ युनिट. ती उष्णता बाहेर काढायला चिलरचे आणखी सव्वा-एक युनिट. दिवसाला चार, महिन्याला सव्वाशेच्या घरात. टाकीला त्याचा उपयोग शून्य.

चिलरची स्वतःचीही दोन दुखणी होती, एक रात्रीचं आणि एक दुपारचं.

रात्री तो तीन-चार मिनिटं चालायचा, बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. परतीची नळी दहा लिटरच्या बादलीत सोडून घड्याळ लावलं तर बादली भरायला ९० सेकंद. ताशी ४०० लिटर. या ताकदीच्या चिलरला ताशी हजार-बाराशे लिटर तरी हवेत, नेमका आकडा त्याच्या पाटीवर असतो. सातशे वॅटची थंडाई ४०० लिटरमध्ये पडली की पाणी आतून दीड अंश गार होऊन निघतं. १२०० लिटर असते तर अर्धा अंश. चिलरचा प्रोब आतल्या कोठीत असतो. तो कोठीतलं गार पाणी बघतो, 'झालं काम' म्हणतो आणि कंप्रेसर तोडतो. डिस्प्लेवर २५.४ आणि टाकीत २६.४, याचं कारण हे. अडथळा साधा होता: पंपाच्या तोंडाचा स्पंज चिखलानं भरलेला, आणि नळी कॅबिनेटच्या भोकातून येताना मुडपलेली.

दुपारचं दुखणं उष्णतेचं. चिलर उष्णता नाहीशी करत नाही, पाण्यातून काढून हवेत टाकतो, आणि वर स्वतः खाल्लेली वीजही. ६०० वॅट काढताना २८० वॅट खाणारं यंत्र ८८० वॅट हवेत सोडतं. बंद कॅबिनेटमध्ये ही हवा फिरून पुन्हा त्याच जाळीतून आत जाते. आतला पारा ४५ च्या पुढे गेला की कंडेन्सर दमतो, आणि शेवटी कंप्रेसरचा ओव्हरलोड त्याला थांबवतो. बरोबर ज्या वेळी त्याची गरज असते, त्या वेळी. शिवाय संप त्याच तापल्या कॅबिनेटमध्ये. चिलरनं काढलेली थोडी उष्णता संपाच्या काचेतून घरी परत.

कामाचा क्रम

पहिल्या दिवशी फक्त हीटरची पिन काढली. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. पहाटेचा आकडा २५.७ वर आला, शिखर २८.६.

दुसऱ्या दिवशी झाकणं गेली. त्यांच्या जागी खिडकीला लावतात त्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत डासांची नायलॉन जाळी. दिव्याच्या पट्टीला चार पंखे, १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये असतात ते. पंखा सरळ खाली पाण्यावर मारला तर खारे तुषार दिव्यावर बसतात. पृष्ठभागाशी ३० अंश तिरका हवा, म्हणजे वारा पाण्यावरून घसरत जातो. समोरच्या बाजूला काही अडवू नये, ओली हवा तिथून निघून जायची असते. खोलीची खिडकीही थोडी किलकिली ठेवावी, नाहीतर हॉलच वाफाळतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत एवढ्या पंख्यांनी दीड-दोनशे वॅट जातात. शिखर २७ पर्यंत उतरलं. पंख्यांची स्वतःची वीज जेमतेम पंधरा वॅट.

तिसऱ्या दिवशी दिव्यांची वेळ हलवली: पूर्ण जोर सकाळी १० ते संध्याकाळी ६, मग रात्री दहापर्यंत निळा वीस टक्के. सहा ते दहा हे चार तास पाण्यात ७० वॅट पडत होते, म्हणजे जवळजवळ एक अंश. घरी आल्यावर टाकी उजळलेली दिसावी असं प्रत्येकाला वाटतं. निळ्या प्रकाशात झोआ जास्तच खुलतात, हे त्यातल्या त्यात समाधान.

चौथ्या दिवशी चिलर बाल्कनीत गेला, जिथं ऊन आणि पावसाची झड येत नाही अशा कोपऱ्यात. दोन्ही बाजूंनी एक फूट मोकळी जागा. नळी आतून १६ मिलिमीटरची, दोन्ही टोकांना स्टीलचे क्लिप, वळणाला एल्बो, मुडप कुठंच नाही. वरून एसीच्या तांब्याच्या पाइपावर घालतात तो काळा रबरी फोम. तो एसीवाल्याकडे मीटरवर मिळतो. फोम थंडाई वाचवण्यापुरता नाही. पावसाळ्यात उघड्या नळीला घाम सुटतो आणि फरशीवर डबकं होतं. नवी बादली-चाचणी: दहा लिटरला ३१ सेकंद, म्हणजे ताशी ११६० लिटर.

रिटर्न पंप ८५ वॅटचा काढून ४० वॅटचा डीसी पंप बसवला. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात फायद्याचा बदल. ४५ वॅट उष्णता चोवीस तास कमी, बाराही महिने, आणि दिवसाला एक युनिट वाचतं. ज्यांना चिलर घ्यायचाच आहे त्यांनी आधी पंपाची पाटी वाचावी.

माठाचा नियम

माठातलं पाणी वैशाखात दात शिवशिवतील इतकं गार होतं आणि श्रावणात तेच पाणी नुसतं पाणी असतं. टाकीवरच्या पंख्याचंही तसंच. तो पाण्याला ओल्या फडक्याच्या थर्मामीटरच्या आकड्याखाली नेऊ शकत नाही. आणि पंपांची उष्णता सतत येत असल्यानं प्रत्यक्षात तो त्या आकड्याच्या वरच थांबतो.

पुण्यात एप्रिलच्या दुपारी खोलीत ३३ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर तो आकडा १९.४. भरपूर वाव. मुंबईत मे महिन्यात ३३ अंश आणि ६५ टक्के: २७.५. म्हणजे दादर-ठाण्याच्या माणसानं पंख्यांवर २६ अंशांची आशा धरूच नये, तिथं चिलर किंवा खोलीचा एसी हाच मार्ग. नागपूरच्या मे महिन्यात उलट पंखा चांगला चालतो. घरात कूलर ज्या महिन्यात काम करतो, त्या महिन्यात टाकीवरचा पंखाही करतो. याहून सोपी परीक्षा नाही.

पुण्यात हा वाव जूनमध्ये एकदम मिटतो. मान्सूनची हवा आली, खोलीत ३० अंश आणि ७५ टक्के झाले, की २६ अंशांच्या पाण्यावरून वाफ जवळपास निघतच नाही. मग पंखा फक्त ३० अंशांची हवा पाण्यावर मारून त्याला तापवतो. तेव्हा पंखे बंद. बाहेर एप्रिलपेक्षा गार वाटतं आणि टाकी मात्र चढते, याचं नवख्या माणसाला फार आश्चर्य वाटतं. इथं पाव हॉर्सपॉवरचा चिलर आपली किंमत वसूल करतो. जूनमध्ये पंप, दिवे आणि काचा मिळून १८०-२०० वॅट. बाल्कनीत मोकळा श्वास घेणारा चिलर ते तासातल्या वीस मिनिटांत उरकतो.

वाफेची किंमत

पंख्यांनी दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडतं. वाफ गोड्या पाण्याची असते, मीठ मागे राहतं. पाच लिटर उडाले आणि भरले नाहीत तर क्षारता एका दिवसात ३५ वरून ३५.७. तापमान सावरलं आणि क्षारता हलायला लागली, तर आगीतून फुफाट्यात. म्हणून ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) पंख्यांच्या आधी बसवायचा, नंतर नाही. २५ लिटरचा कॅन पाच दिवस पुरतो.

कॅनमध्ये आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढून टाकलेलं) पाणी, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य. स्वयंपाकघरातल्या आरओचं पन्नास टीडीएसचं पाणी 'चांगलंच तर आहे' म्हणून घातलं जातं. रोज पाच लिटर म्हणजे २५० मिलिग्रॅम, महिन्याला साडेसात ग्रॅम क्षार, आणि ते बाहेर जात नाहीत. पुण्यात टँकरच्या आणि बोअरच्या दिवसांत तो आकडा पन्नासावर राहतही नाही.

कंट्रोलर

हीटर आणि चिलर दोघांचे लगाम एकाच हातात हवेत. एसटीसी-१००० सारखा दोन रिलेंचा स्वस्त कंट्रोलर पुरतो, कारण त्यात दोन्ही रिले एकाच वेळी लागूच शकत नाहीत. एफ-१ म्हणजे नेमकं तापमान: २५.८. एफ-२ म्हणजे फरक: ०.५. एफ-३ कंप्रेसरची उसंत: ५ मिनिटं. एफ-४ मध्ये बर्फाच्या चाचणीत निघालेली चूक. यातून चिलर २६.३ ला लागतो आणि २५.८ ला सुटतो. हीटर २५.३ ला लागतो आणि २५.८ ला सुटतो. पंख्यांना वेगळा छोटा कंट्रोलर, २६.० ला चालू, २५.७ ला बंद. त्यांनी आधी उतरायचं, चिलरनं नंतर.

या कंट्रोलरचा रिले १० अँपिअरचा असतो, पण कंप्रेसर उठताना चौपट-पाचपट करंट ओढतो आणि रिलेचे संपर्क हळूहळू चिकटतात. म्हणून चिलर मधल्या कॉन्टॅक्टरवरून (जादा करंट झेलणाऱ्या मोठ्या स्विचवरून) जोडला. तरीही एक दिवस काहीतरी चिकटणार असं धरूनच चालायचं. चिलरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २५.० वर ठेवला: रिले चिकटला तरी पाणी त्याखाली फारसं जाणार नाही. हीटरचं चाकही खऱ्या २६.५ वर ठेवलं, चाकावरच्या आकड्याकडे न बघता. एक थर गेला तर दुसरा असतो.

२०० वॅटच्या एका हीटरऐवजी १०० चे दोन घेतले. २०० वॅटचा चिकटून राहिला तर तासाला दोन-तृतीयांश अंश चढतो, शंभरचा त्याच्या निम्मा. रात्रीची झोप होईपर्यंत टाकी उकडणं आणि नुसती कोमट होणं, यातला हा फरक.

प्रोब हे या सगळ्याचं सर्वात नाजूक अंग. तो संपात वाहत्या पाण्यात हवा, हीटरपासून लांब, टॉप-अपच्या थेंबाखाली नको. नुसत्या रबरी सकरवर भिस्त ठेवू नये. खाऱ्या पाण्यात तो दोन-तीन महिन्यांत सुटतो, प्रोब हवेत लोंबतो, ३४ अंशांची हवा मोजतो, आणि चिलर रात्रभर चालतो. झिप टायनं पाइपाला बांधायचा. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्यायचा म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथंच टपकतं. आणि पूर्ण टाकीच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). खारं पाणी आणि २३० व्होल्ट शेजारी ठेवून हा खर्च वाचवणाऱ्याला काय म्हणावं?

या जोडणीनंतर मे महिन्यातली रोजची नोंद २५.६ ते २६.४ मध्ये बसली.

वीज गेली तर

उन्हाळ्यात दुपारी चार तास वीज गेली तर तापमानाची फार चिंता नको. पंप बंद म्हणजे त्यांची उष्णताही बंद. काचेतून येणारे ९६ वॅट उरतात, तासाला एक-तृतीयांश अंश. आधी संपतो तो ऑक्सिजन. घरच्या इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर जोडून ठेवावा, १२ वॅटला बॅटरी जाणवतही नाही. पंखे १२ व्होल्टचेच असल्यानं तेही चालतात. चिलर मात्र साध्या इन्व्हर्टरवर लावू नये, कंप्रेसरच्या पहिल्या धक्क्याला तो बसतो.

बर्फ? फ्रीजरमधली एक लिटरची गोठलेली बाटली टाकीच्या तापमानाला येईपर्यंत १३० वॅट-तास घेते, म्हणजे या टाकीचा अर्ध्याहून थोडा कमी अंश. तासाला एक बाटली संपात सोडायची, बाहेरून धुऊन, बूच घट्ट. बर्फ थेट पाण्यात नाही. चिलर बिघडलेल्या दिवशी चार बाटल्यांवर संध्याकाळ निघते. रोजचा उपाय म्हणून हे करणारा माणूस आठवड्यात कंटाळतो.

पुढची देखभाल

पंखे मिठानं मरतात. स्वस्त बुशचे एका मोसमात घरघर करू लागतात, बेअरिंगचे थोडे जास्त टिकतात. एक जादा पंखा कपाटात असावा, कारण तो शनिवारी रात्रीच बंद पडतो. चिलरची हवेची जाळी महिन्याला ब्रशनं झाडायची, बाल्कनीत कबुतरांची पिसं येतात. बादली-चाचणी दोन महिन्यांतून एकदा. ३१ सेकंदांचे ४५ झाले की स्पंज धुवायचा.

नोव्हेंबरात पंखे उतरवायचे आणि हीटर परत घालायचे. पुण्यात जानेवारीत पहाटे खोली १९ पर्यंत उतरली तर टाकी जवळपास १८० वॅट गमावते. ९० वॅट पंपच देतात, उरलेले नव्वद-शंभर दोन हीटरांत वाटले जातात. उन्हाळाभर कोरडा पडलेला हीटर थेट टाकीत घालायचा नाही. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर ठेवून चुना उतरवायचा, काचेला केसाएवढीही चीर नाही ना ते उजेडात बघायचं, मग वीस लिटरच्या बादलीत पूर्ण बुडवून लावायचा. शंभर वॅटवर बादलीचा पारा तासाला चार अंशांच्या आसपास चढतो. दीड-दोन तासांत लाल दिवा कुठल्या आकड्याला विझतो ते कळतं, आणि तो आकडा मार्करनं हीटरच्या टोपीवर लिहून ठेवायचा.